लॅटिनो मुलांच्या कॉलेजचा खर्च: शिष्यवृत्त्या कुठे शोधायच्या आणि अर्ज कोणत्या क्रमाने भरायचे

शनिवारी सकाळी मी आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बसते आणि बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतलं हे छोटं गाव, चहूकडे बदामाच्या नि द्राक्षांच्या बागा. येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील मेक्सिकोतून आलेले, काहींचे एल साल्वादोर आणि ग्वातेमालातून. गेल्या जानेवारीत एक आई मुलीला घेऊन आली. हातात बिस्किटांचा निळा गोल डबा होता, आपल्याकडे ज्यात सुईदोरा ठेवतात तसा. झाकण उघडलं तर आत जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, दोन वर्षांचे कराचे कागद, सगळं चार घड्या घालून ठेवलेलं. तिने एकच शब्द विचारला, "बेका?" स्पॅनिशमध्ये बेका म्हणजे शिष्यवृत्ती.

मुलीने फोन पुढे केला. नावात 'हिस्पॅनिक' किंवा 'लॅटिनो' असलेल्या बेचाळीस शिष्यवृत्त्यांची यादी तिने जमवली होती. महिनाभर रोज रात्री निबंध लिहीत होती. पण सरकारी मदतीचा अर्ज, ज्यातून वर्षाला हजारो डॉलर मिळू शकतात, तो तिने उघडलाही नव्हता. तो आधी भरायचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

अशी मुलं मला दरवर्षी भेटतात. हुशार, कष्टाळू, आणि चुकीच्या टोकापासून सुरुवात केलेली. अमेरिकेत शाळेत शिकवणारे, शिकवण्या घेणारे, शेजारच्या मुलांना हात देणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत, आणि मराठी-मेक्सिकन, मराठी-कोलंबियन घरंही आहेत. त्या सगळ्यांसाठी हा क्रम लिहून काढते आहे.

आधी 'हिस्पॅनिक' कोण, हे समजून घ्या

अमेरिकन सरकारच्या व्याख्येत मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतले, आणि स्पॅनिश संस्कृतीशी मूळ जोडलेले सगळे लोक हिस्पॅनिक किंवा लॅटिनो ठरतात, मग त्यांचा वंश कोणताही असो. आडनावावरून हे ठरत नाही. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत गेल्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचं आडनाव सिंग असूनही आजी मेक्सिकन आहे. तसंच आज वडील साताऱ्याचे आणि आई ग्वादालाहाराची असेल तर मुलाने 'माझं आडनाव देशमुख, मी कसा भरू' म्हणून मागे राहू नये.

गोव्याच्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. फर्नांडिस, परेरा, डिसोझा ही आडनावं पोर्तुगीज आहेत, मग आमची मुलं यात बसतात का? नाही बसत. पोर्तुगीज वारसा म्हणजे स्पॅनिश वारसा नव्हे, आणि आडनावाच्या साधर्म्यावर केलेला अर्ज पुढे खोटा ठरू शकतो. तो करू नका.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक मोठा बदल झाला आहे आणि जुन्या याद्यांमध्ये तो दिसत नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. निकाल प्रवेशाबद्दल होता, पण त्याच्या पाठोपाठ वंशावर आधारलेल्या शिष्यवृत्त्यांवरही दावे आणि तक्रारी सुरू झाल्या. मॅकडॉनल्ड्सच्या 'हासेर' शिष्यवृत्तीचंच घ्या. १९८५ पासून चालत आलेल्या या शिष्यवृत्तीसाठी आईवडिलांपैकी निदान एक जण हिस्पॅनिक असावं लागे. जानेवारी २०२५ मध्ये दावा दाखल झाला, काही दिवसांतच तडजोड झाली आणि ती अट गेली. आता अर्जदाराने हिस्पॅनिक समाजासाठी काय केलं आहे, त्याच्याशी त्याची बांधिलकी किती, हे पाहिलं जातं. सॅट परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा 'नॅशनल हिस्पॅनिक रेकग्निशन' हा १९८३ पासूनचा सन्मानही २०२५ मध्ये बंद झाला. त्यात रोख रक्कम नसे, पण काही विद्यापीठं त्याच्या जोरावर भरघोस फीमाफी देत. जुन्या लेखांत हे मार्ग अजून सापडतात आणि मुलं त्यांच्या मागे आठवडे घालवतात.

म्हणून प्रत्येक शिष्यवृत्तीची पात्रता त्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर, चालू वर्षाची, वाचायची. आणि मुलांना सांगायचं की तू कोणाच्या पोटी जन्मलास याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तू काय केलंस याला आता वजन आहे.

पैशाचे थर, आणि ते कोणत्या क्रमाने उकरायचे

कॉलेजचा पैसा चार ठिकाणांहून येतो. केंद्र सरकार, राज्य सरकार, कॉलेज स्वतः, आणि बाहेरच्या संस्था. 'हिस्पॅनिक शिष्यवृत्ती' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती या चौथ्या थरातली, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत हा सगळ्यांत पातळ थर असतो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीचं केंद्राचं पेल अनुदान २०२५-२६ या वर्षासाठी कमाल ७,३९५ डॉलर आहे, पदवीच्या चारही वर्षांत मिळू शकतं, आणि परत करावं लागत नाही. पाचशे डॉलरच्या किती शिष्यवृत्त्या जिंकल्यावर तेवढे होतील याचा हिशेब मी मुलांकडूनच करून घेते. आकडा त्यांच्या हाताने कागदावर उतरला की पुढचं समजावावं लागत नाही.

तेव्हा क्रम असा: आधी केंद्र सरकारचा अर्ज, मग राज्याचा, मग कॉलेजने मागितलेले कागद, आणि त्याच्या जोडीने बाहेरच्या शिष्यवृत्त्या.

अर्ज उघडण्याआधी एक नाजूक प्रश्न

मुलाकडे आणि आईवडिलांकडे अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं आहेत की नाहीत यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पण 'तुमच्याकडे कागद आहेत का' असं तोंडावर कधीही विचारू नका. वाचनालयातल्या टेबलावर, दहा लोक आजूबाजूला असताना तर नाहीच. मी तीन वाटा लिहिलेला एक कागद पुढे ठेवते आणि म्हणते, यातली तुमची कोणती ते घरी ठरवा, मला सांगायलाच हवं असं नाही.

पहिली वाट: मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहे आणि आईवडीलही. इथे 'फाफ्सा' म्हणजे केंद्राच्या मदतीचा मोफत अर्ज भरायचा. साधारणपणे तो १ ऑक्टोबरला उघडतो.

दुसरी वाट: मूल इथे जन्मलेलं, नागरिक, पण आई किंवा वडील विनाकागद, म्हणजे ही कागदपत्रं नसलेले. अशी घरं आमच्याकडे पुष्कळ. मुलाला पेल अनुदानाचा हक्क पूर्ण आहे. अर्ज आईवडिलांचं इमिग्रेशन स्टेटस विचारत नाही, आणि सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या पालकांनाही आता स्वतःचं खातं उघडता येतं. पण नंबर नाही ही गोष्ट अर्जावर दिसते, आणि ती माहिती सरकारकडे जाते. सध्याच्या वातावरणात काही कुटुंबांना याची भीती वाटते आणि ती रास्त आहे. मी 'काही होत नाही हो' असं कधीच म्हणत नाही, कारण तशी हमी देणारी मी कोण? दोन्ही बाजू सांगते, इमिग्रेशनच्या मोफत कायदेशीर सल्ल्याचा पत्ता देते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते. कॅलिफोर्नियात अशा मिश्र घरातल्या मुलांना फाफ्साऐवजी राज्याचा, मुळात विनाकागद मुलांसाठीचा, ड्रीम ॲक्ट अर्ज भरून निदान राज्याची मदत घेता येते. मात्र त्यात पेल मिळत नाही.

तिसरी वाट: मूल स्वतःच विनाकागद. १९८२ च्या एका निकालाने बारावीपर्यंतचं शिक्षण अशा मुलांनाही खुलं केलं आहे, पण कॉलेजच्या दाराशी केंद्राची मदत थांबते. राज्यांचे नियम वेगवेगळे. कॅलिफोर्नियात २००१ पासून, इथल्या शाळेत तीन वर्षं शिकून पदवी घेतलेल्या मुलांना राज्यातल्या मुलांइतकीच फी लागते आणि ड्रीम ॲक्ट अर्जावर अनुदानही मिळतं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांचेही असे स्वतंत्र अर्ज आहेत. टेक्सासने २००१ मध्ये देशात सर्वांत आधी ही सवलत दिली, आणि तिथेच ती जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गेली. त्यामुळे टेक्सासबद्दलचा त्याआधीचा कोणताही सल्ला पुन्हा तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तो चांगल्या मनाने पाठवला होता आणि एका मुलाचं सगळं गणित कोलमडलं.

जाता जाता, आपल्या एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामागे आलेल्या, मुलांनाही केंद्राची मदत मिळत नाही. हे बंद दार आपल्या घरांनाही ओळखीचं आहे.

फाफ्सा भरताना कुठे अडतं

अर्ज आता पूर्वीपेक्षा लहान आहे, तासाभरात होतो. अडतं ते नावांपाशी. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. शाळेत मूल 'गार्सिया', जन्मदाखल्यावर 'गार्सिया लोपेस', सोशल सिक्युरिटी कार्डावर मध्येच जोडरेघ, आणि बँकेत 'लोपेस'. आपल्या मंडळींना हा त्रास समजावून सांगायला नको. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली मांडणी, आणि इथे प्रत्येक कचेरीत तिचा वेगळा चुराडा. उपाय एकच, सोशल सिक्युरिटी कार्डावर जे अक्षर जिथे आहे ते तसंच अर्जावर. मग तेच रूप कॉलेजच्या अर्जात, परीक्षेच्या नोंदणीत आणि प्रत्येक शिष्यवृत्तीत. मी पहिल्याच दिवशी मुलाला ते नाव एका चिठ्ठीवर लिहायला लावते आणि चिठ्ठी फोनच्या मागे चिकटवायला सांगते.

मुलाचं एक खातं आणि अर्जात सहभागी होणाऱ्या पालकाचं एक खातं, दोन्ही वेगळ्या ईमेलवर उघडायची. पालकाचा ईमेल नसेल तर आधी तो उघडा आणि पासवर्ड वहीत लिहून वही घरी ठेवा. मुलाने आईच्या नावाने परस्पर सही करू नये. पालकाची संमती पालकानेच द्यायची असते, आणि ती नसेल तर मदत मिळत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकाचं खातं उघडायला कधी कधी जास्त दिवस जातात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकायचं नाही. आईवडील वेगळे राहत असतील तर ज्याने वर्षभरात जास्त खर्च उचलला त्या पालकाची माहिती द्यायची. उत्पन्न विचारतात ते दोन वर्षांपूर्वीच्या कराचं. त्यानंतर बागेतलं काम सुटलं असेल, घरात कोणी आजारी पडलं असेल, तर अर्ज जसा आहे तसा भरून मग कॉलेजच्या मदत कार्यालयाला कागदांसह पत्र लिहायचं. त्यांना आकडे बदलण्याचा अधिकार असतो, आणि विचारलं तर ते वापरतात.

काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. पत्र आलं की घाबरून गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात संशय नसतो, नुसते कागद मागितलेले असतात. मुदतीत पाठवले की काम पुढे जातं, नाही पाठवले तर मदत अडकते.

कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानासाठी साधारण २ मार्चची मुदत पाळावी लागते. खासगी कॉलेजांपैकी काहींना सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्जही लागतो. कुटुंबाचं उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर तो फुकट भरता येतो. सॅटची फी आणि कॉलेजांच्या अर्जाची फीही माफ होते, फक्त शाळेच्या काउन्सेलरकडे जाऊन तसं विचारावं लागतं. बऱ्याच मुलांना मागायची लाज वाटते. सोबत जा.

वर्षाचं वेळापत्रक

कामाची सुरुवात अकरावीच्या उन्हाळ्यात व्हायला हवी, कारण मोठ्या रकमांच्या मुदती बारावी सुरू होता होताच येतात. गेट्स शिष्यवृत्ती १५ जुलैला उघडून १५ सप्टेंबरला बंद होते. पेल मिळण्याइतकं कमी उत्पन्न आणि उत्तम गुण असलेल्या निवडक मुलांना ती मिळते आणि इतर मदत वजा जाता उरलेला सगळा खर्च उचलते. हुशार पण गरीब मुलांची कॉलेजांशी गाठ घालून देणाऱ्या क्वेस्टब्रिज या संस्थेची मुदत सप्टेंबरच्या शेवटी असते. त्यात निवड होऊन कॉलेजशी जोडी जमली तर चारही वर्षांचा पूर्ण खर्च मिळतो, आणि अमेरिकेतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचं नागरिकत्व आड येत नाही. चार जणांच्या घराचं उत्पन्न साधारण ६५,००० डॉलरच्या आत असावं अशी त्यांची ढोबळ मर्यादा आहे. जॅक केंट कुक प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत जाते आणि तिथेही नागरिकत्वाची अट नाही. या तिन्हींच्या नावात 'हिस्पॅनिक' कुठेच नाही. म्हणूनच ती त्या मुलीच्या बेचाळीसच्या यादीत नव्हती.

ऑक्टोबर ते डिसेंबर फाफ्सा किंवा राज्याचा अर्ज आणि कॉलेजांचे अर्ज. जानेवारी ते मार्च बाहेरच्या शिष्यवृत्त्या. एप्रिलमध्ये मदतीची पत्रं वाचायची, आणि १ मेपर्यंत बहुतेक कॉलेजांना होकार कळवायचा.

एखादं मूल जानेवारीतच तुमच्याकडे पोचलं तर सप्टेंबरच्या गेलेल्या मुदतींवर हळहळण्यात वेळ घालवू नका. उरतं तेही पुष्कळ असतं.

लॅटिनो समाजाच्या नावाने चालणाऱ्या शिष्यवृत्त्या

सगळ्यांत मोठं नाव हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंडाचं. १९७५ मध्ये स्थापना. अर्ज १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. बारावीच्या मुलांना चारपैकी किमान ३.० जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, आणि रक्कम साधारण ५०० ते ५,००० डॉलर. एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा: 'स्कॉलर' म्हणून निवड झाली म्हणजे पैसे मिळतीलच असं नाही. पण मार्गदर्शन, नोकरीच्या ओळखी, शिबिरं यांचा लाभ मिळतो, आणि घरातल्या पहिल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे धागे पुढे फार उपयोगी पडतात.

लुलॅक ही लॅटिनो नागरिकांची संघटना १९२९ मध्ये टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टी इथे स्थापन झाली. तिच्या शिष्यवृत्त्या स्थानिक शाखांमार्फत मिळतात, रकमा छोट्या असतात, पण स्पर्धाही गावापुरतीच. मला स्वतःला अशा गावपातळीवरच्या शिष्यवृत्त्या सर्वांत जास्त आवडतात. चर्चची, शेतकरी सहकारी संघाची, पतपेढीची, रोटरीची, आईच्या पॅकिंग हाउसच्या मालकाची. देशभरातून हजारो अर्ज येणाऱ्या स्पर्धेपेक्षा पंधरा अर्ज येणारी बरी. त्यांची माहिती इंटरनेटवर सापडत नाही. ती शाळेच्या काउन्सेलरच्या दारावर चिकटवलेली असते किंवा कोणाच्या तरी तोंडी असते.

विनाकागद मुलांसाठी 'द ड्रीम डॉट यूएस' ही मोठी संस्था आहे. २०१८ मध्ये जेफ बेझोस आणि मॅकेन्झी बेझोस यांनी तिला हजार मुलांसाठी ३.३ कोटी डॉलर दिले होते. ती पैसा फक्त भागीदार कॉलेजांमध्ये देते, त्यामुळे आधी कॉलेजांची यादी पाहायची, मग अर्ज. मालडेफ ही १९६८ पासूनची कायदेविषयक संस्था शिष्यवृत्त्यांची यादी प्रसिद्ध करते, आणि 'इमिग्रंट्स रायझिंग' ही संस्थाही करते. त्यात नागरिकत्व न विचारणाऱ्या शिष्यवृत्त्या शोधायला सोपं जातं. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांसाठी १९७४ मध्ये स्थापन झालेली हिस्पॅनिक इंजिनिअरांची संघटना आहे. कॉलेजात गेल्यावर तिच्या शाखेत नाव घालायचं, मग पुढच्या वर्षांच्या शिष्यवृत्त्या खुल्या होतात.

एक जागा लोक विसरतात. ज्या कॉलेजांत पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक आहेत त्यांना 'हिस्पॅनिक सर्व्हिंग' संस्था म्हणतात. आमच्या खोऱ्यातली फ्रेस्नो स्टेट आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) मर्सेड दोन्ही त्यात येतात. अशा कॉलेजांत स्पॅनिश बोलणारे मदत अधिकारी भेटतात, आणि आईला फोनवर स्वतः बोलता येतं. याचं मोल आकड्यात मोजता येत नाही, पण मूल पहिल्या वर्षी टिकतं की नाही यात त्याचा मोठा वाटा असतो.

निबंध

यूसीच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं द्यायची असतात. अनेक कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या कॉमन ॲप या अर्जाचा निबंध ६५० शब्दांपर्यंत. ही पाच लेखनं मनापासून केली तर पंधरा-वीस शिष्यवृत्त्यांना तीच थोडी फिरवून पुरतात. वेगळा निबंध प्रत्येक वेळी लिहायचा नाही.

एका मुलाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, 'मला माझ्या समाजाची सेवा करायची आहे.' मी त्याला म्हटलं, हे बाजूला ठेव, गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर काय केलंस ते सांग. तो म्हणाला, काही नाही, बहिणीला आणलं, मग आजीकडे गेलो. आजीकडे काय केलंस? काही नाही, तिच्या गोळ्या लावल्या. बऱ्याच वेळाने हळूच बाहेर आलं. आजीच्या गोळ्यांच्या डबीवर इंग्रजीत 'वन्स' लिहिलेलं होतं, दिवसातून एकदा. तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये वाचली तर 'ओन्से' होतात, म्हणजे अकरा. आजी डबी हातात घेऊन विचारत बसली होती की एवढ्या गोळ्या एका दिवसात कशा घ्यायच्या. त्या दिवसापासून हा मुलगा घरी येणाऱ्या प्रत्येक डबीवर मार्करने स्पॅनिशमध्ये लिहितो. मग शेजारच्या दोन घरांच्या डब्याही त्याच्याकडे यायला लागल्या. दर मंगळवारी, दोन वर्षं.

'काही नाही' म्हणून तो जे ढकलत होता तोच त्याचा निबंध होता. पात्रतेच्या नव्या अटी समाजासाठी काय केलंस असं विचारतात, त्याचंही उत्तर तेच. ही मुलं घरकाम, भावंडं सांभाळणं, कचेरीत आईसाठी दुभाषा होणं याला काम मानतच नाहीत. तुम्ही मानायला लावा. आठवड्याचे तास मोजा, वर्षांनी गुणा, आणि उपक्रमांच्या रकान्यात तो आकडा लिहा. क्लब आणि खेळांच्या पदकांइतकाच तो रकाना याचाही आहे.

एक विनंती, मदत करताना त्यांची भाषा धुऊन काढू नका. व्याकरण सुधारा, पण वाक्य त्यांचं राहू द्या. आणि गरिबीचं दुःख उगाळायला लावू नका. वडिलांच्या अटकेबद्दल लिहायचं नसेल तर नाही लिहायचं. विनाकागद असल्याचा उल्लेख करायचा की नाही हेही मुलानेच ठरवायचं, तेही तो कागद कोणाच्या हाती जाणार हे पाहून.

शिफारसपत्र निदान तीन आठवडे आधी मागावं, आणि शिक्षकाला सोबत एक पानभर टिपण द्यावं: तुमच्या वर्गात मी काय केलं, मला पुढे काय शिकायचंय, मुदत कधीची. शिक्षक दीडशे मुलांना शिकवत असतो. त्याला आठवण करून देण्यात गैर काही नाही.

फसवणूक

अर्जाला पैसे मागणारी, 'शिष्यवृत्ती नक्की, नाहीतर पैसे परत' म्हणणारी, न भरलेल्या स्पर्धेत तुम्ही जिंकलात असं कळवणारी, बँकेचा किंवा कार्डाचा नंबर मागणारी जागा सोडून द्या. फाफ्सा भरून देण्याचे पैसे घेणाऱ्यांपासूनही दूर राहा. तो अर्ज फुकट आहे आणि स्पॅनिशमध्येही आहे. स्पॅनिश वस्तीत 'नोतारियो' अशी पाटी लावून कायद्याचा सल्ला विकणारे असतात. मेक्सिकोत त्या शब्दाचा अर्थ वरिष्ठ कायदेतज्ज्ञ, अमेरिकेत नोटरी म्हणजे नुसता शिक्का मारणारा. या एका शब्दापायी अनेक घरांनी पैसे गमावले आहेत.

पत्रं आल्यावर

एप्रिलमधल्या मदतपत्रात अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवरचं काम एकाच यादीत, एकाच बेरजेत लिहिलेलं असतं. वर 'अभिनंदन, तुम्हाला ३०,००० डॉलर' आणि खाली त्यातले १२,००० पालकांच्या कर्जाचे, असंही पाहिलं आहे. लाल पेन घ्या, परत करावं लागणारं सगळं खोडा, आणि उरलेली रक्कम राहण्या-जेवणासकट एकूण खर्चातून वजा करा. तो आकडा कॉलेजागणिक शेजारी शेजारी मांडा. या मांडणीत पुष्कळदा मोठ्या नावाचं कॉलेज मागे पडतं. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी ४६ डॉलर एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याचं एकक), आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना तीही माफ होते. दोन वर्षं तिथे, मग विद्यापीठात, ही वाट कमीपणाची नाही हे आईवडिलांसमोर स्पष्ट शब्दांत सांगा.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्याचं कॉलेजला कळवावंच लागतं, आणि मग काही कॉलेजं तेवढंच स्वतःचं अनुदान कमी करतात. वर्षभर निबंध लिहून जिंकलेले दोन हजार डॉलर असे नाहीसे होतात. मेरीलँडने २०१७ मध्ये सर्वांत आधी सरकारी कॉलेजांना यावर कायद्याने बंधन घातलं, आणि कॅलिफोर्नियातही आता कमी उत्पन्नाच्या मुलांना संरक्षण आहे. इतरत्र मदत कार्यालयाला लेखी विचारा: 'आधी कर्ज आणि काम कमी कराल का, अनुदान नको?' बऱ्याच ठिकाणी ते ऐकतात. नाही ऐकलं तर शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला रक्कम पुढच्या वर्षी द्यायची विनंती करता येते.

आणि करांचं लक्षात ठेवा. फी आणि पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, राहण्या-जेवणावर गेलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. पावत्या जपून ठेवायच्या.

निळ्या डब्यावाल्या आईच्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. आईचं खातं उघडायला अकरा दिवस लागले, अर्ज फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेला, कॅल ग्रँटची मुदत गाठली. बेचाळीस शिष्यवृत्त्यांपैकी आम्ही सहा ठेवल्या, त्यातल्या दोन मिळाल्या, दोन्ही गावातल्या. आता ती घरी राहून विद्यापीठात जाते. फाफ्सा दरवर्षी नव्याने भरावा लागतो, म्हणून डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी लावली आहे, तिच्याच अक्षरात, स्पॅनिशमध्ये: १ ऑक्टोबर, मामाचा पासवर्ड वहीत. मामा म्हणजे त्यांच्या भाषेत आई.